आधी खरवडणे, मग रंग

गेल्या दिवाळीत आमच्या घरात दोन तट पडले. निमित्त होते अंगणाच्या कोपऱ्यात, चिंचेखाली उभ्या असलेल्या ट्रॅक्टरचे. धाकट्या भावाच्या मुलाने भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी तालुक्याहून एक भंगारवाला आणला. त्या गृहस्थाने ट्रॅक्टरभोवती एक चक्कर मारली, मडगार्डवर बोटाने टकटक केले आणि किलोचा भाव सांगितला. ज्या यंत्राने आम्हा भावंडांची शिक्षणे केली, बहिणीचे लग्न केले, विहिरीतून निघालेला सगळा मुरूम वाहून नेला, त्याचा भाव किलोवर! भावाने काही न बोलता पानाचा डबा उघडला. तो बोलायचा थांबला की घरातले सगळे काय ते समजतात.

मी शहरात मास्तरकी करून निवृत्त झालेला माणूस. खडूखेरीज दुसरा रंग हाताला कधी लागला नाही. पण त्या क्षणी काय झाले कोण जाणे, तोंडून निघून गेले, “विकू नका. मी रंगवतो.”

पुतण्या हसला. “काका, ट्रॅक्टर आहे तो. गणपतीचे मखर नाही.”

त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते, हे पुढच्या तीन आठवड्यांत मला चांगलेच कळले. पण त्या तीन आठवड्यांत आणखीही काही कळले, आणि ते केवळ आमच्या अंगणापुरते नाही असे वाटते, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमचे गाव वणी-दिंडोरीच्या पट्ट्यातले. वडिलांनी हा ट्रॅक्टर १९७९ साली कर्ज काढून घेतला. बी-२७५. मूळचा हा विलायतेतला, इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीच्या ब्रॅडफर्डच्या कारखान्यातला. १९६३ साली महिंद्र, व्होल्टास आणि ही हार्वेस्टर कंपनी अशा तिघांनी मिळून आपल्याकडे कंपनी काढली आणि मुंबईत, कांदिवलीला ट्रॅक्टर बनू लागले. पुढे १९७७ मध्ये ती कंपनी महिंद्रमध्ये विलीन झाली. आज लोकलच्या गर्दीत लोंबकळणाऱ्या माणसाला कांदिवलीला ट्रॅक्टर बनत असत म्हटले तर खरे वाटणार नाही. पण महाराष्ट्रातल्या कितीतरी वावरांत पहिला नांगर ओढणारे लाल धूड तिथूनच आले होते. आमच्याकडे त्याला ‘लाल्या’ असेच नाव पडले. बैलाला असते तसे.

बैलाची आठवण उगाच काढली नाही. आपल्याकडे कामाच्या प्राण्याला रंगवण्याची रीत जुनी आहे. पोळ्याला बैलाची शिंगे घासूनपुसून त्यांना हिंगूळ लावत, आता ऑइलपेंट लावतात. खंडेनवमीला विळा-कोयता, पाटा-वरवंटा, शिवणाचे यंत्र, सगळ्यांना हळदकुंकू मिळते आणि ट्रॅक्टरला झेंडूची माळ मिळते. माळ दुसऱ्या दिवशी सुकते. रंगाचे तसे नसते. ट्रॅक्टरला पुन्हा रंग आपल्याकडे सहसा एकाच कारणासाठी दिला जातो, विकायचा असतो तेव्हा. इंग्लंड-अमेरिकेत जुने ट्रॅक्टर हौसेने पुन्हा मूळ रंगात आणून जत्रेत मिरवणारी मंडळी आहेत. आपल्याकडे ती चैन परवडणारी नाही, हे मान्य. पण विकण्यासाठी रंग आणि ठेवण्यासाठी रंग या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिल्या प्रकारच्या रंगाने दुसऱ्याला बदनाम केले आहे, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

जुन्या ट्रॅक्टरच्या बाजारात एकदा फिरून पाहा. सगळे कसे नवऱ्या मुलासारखे चकचकीत. रबरी नळ्यांवर रंगाचे शिंतोडे, ग्रीसच्या निपलवर रंग, कंपनीच्या पाटीवरही रंग. जिथे तेल गळते तिथे तेलावरच रंग. ब्लॉकला चीर गेली असेल तर वेल्डिंग, त्यावर पुट्टी आणि त्यावर दोन हात जास्तीचे. ज्याची नजर तयार आहे तो गिऱ्हाईक रंगाकडे बघतच नाही. तो नळ्या बघतो, नटांच्या खाचा बघतो, बॅटरीच्या पेटीखाली हात घालून बघतो. नटावर पान्याच्या ताज्या खुणा असून भोवतीचा रंग अखंड असेल तर तो हसतो आणि चहा पिऊन निघून जातो.

आमच्याकडेही एक असा चहा पिऊन गेला होता. १९९६ साली द्राक्षांत सलग दोन वर्षे मार बसला, वडील नुकतेच गेले होते, आणि भावाने ट्रॅक्टर काढायचे ठरवले. तालुक्याच्या एका पेंटरकडून दोन दिवसांत झकास रंगवून घेतला. धूळ पुसली, की नुसतीच फुंकर मारली, देव जाणे. पिंपळगावकडून एक वयस्कर शेतकरी बघायला आला. त्याने बॉनेटच्या कडेला नख लावले. शेंगदाण्याचे फोलपट निघावे तसा रंग निघून त्याच्या बोटावर आला. तो एवढेच म्हणाला, “खाली जे आहे तेच दाखवले असते तर घेतला असता.” भावाला ते इतके लागले की त्याने ट्रॅक्टर विकायचा विषय पुन्हा काढला नाही. आम्हाला वाटत आले की लाल्या राहिला तो भावाच्या मायेने. खरे तर तो राहिला त्या फोलपटामुळे.

तर आता कामाकडे वळू. नवख्या माणसाची समजूत अशी असते की रंगवणे म्हणजे रंग लावणे. मीही बाजारातून पहिल्याच दिवशी लाल रंगाचा डबा आणला होता. तो पुढचे अठरा दिवस न उघडता ओसरीवर बसून होता.

पहिला आठवडा गेला धुण्यात. चार दशकांचे ग्रीस, डिझेल, माती आणि द्राक्षावरच्या औषधांचे पुट. आधी खुरप्याने आणि जुन्या चाकूने ओरबाडणे, मग रॉकेल नाही म्हणून डिझेलने मऊ करणे, मग धुण्याच्या सोड्याचे कढत पाणी आणि तारेचा ब्रश. पाणी मारण्यापूर्वी सायलेन्सरचे तोंड, एअर क्लीनर, डायनामो, तेल भरायची भोके, सगळे प्लॅस्टिकच्या पिशव्यांनी बांधायचे. हे मला गावातल्या गॅरेजच्या वयस्कर मिस्त्रींनी सांगितले. ते रोज संध्याकाळी येत, बिडी ओढत आणि चुका काढत. त्यांचे दुसरे सांगणे असे, की सुटा होईल तो भाग सुटा करा. बॉनेट, जाळी, दिवे, मडगार्ड. प्रत्येकाचे नटबोल्ट वेगळ्या डब्यात ठेवा आणि डब्यावर लिहून ठेवा. पुतण्याने मोबाइलवर प्रत्येक टप्प्याचे फोटो काढले. तोंडाने मात्र “कशाला हा खटाटोप” चालूच होते. एके ठिकाणी त्याने माझा हात धरला. “काका, इथे घासायचे नाही. चेसिस नंबर आहे.” हा नंबर घासला गेला किंवा रंगाखाली बुजला, तर नोंदणीच्या नूतनीकरणाला आर.टी.ओ.त उभे राहून आपला ट्रॅक्टर आपलाच आहे हे पटवावे लागते. आर.सी. बुकात रंगाचीही नोंद असते, त्यामुळे लालचा निळा करायची हौस असेल तर आधी त्या कचेरीची पायरी चढावी.

धुऊन झाल्यावर खरवडणे. आणि इथेच माझ्या हातून ती चूक झाली, जिच्यामुळे हा लेख लिहायला बसलो.

शेजाऱ्याकडून हाताचा ग्राइंडर आणला, त्याला तारेची वाटी बसवली आणि बॉनेटवर चालवला. अहाहा! दहा वर्षांचा रंग दहा सेकंदांत धूळ होत होता. लाल, केशरी, कुठे पिवळट धूळ चिंचेखाली तरंगत होती. दोन दिवस मी हे केले. तोंडाला रुमाल बांधला होता तेवढाच. दहा-बारा पावलांवर ताडपत्रीवर सोयाबीन वाळत पडले होते आणि भावाची नात, दीड वर्षाची, त्याच अंगणात दुडुदुडु फिरत होती. मुलांना जमिनीवरची चकचकीत गोष्ट दिसली की ती तोंडात जाते. तिला रंगाचे पापुद्रे सापडले.

पुतण्याची बायको रसायनशास्त्राची पदवीधर आहे. घरात आल्यापासून तिने त्या पदवीचा उच्चारही कधी केला नव्हता. ती स्वयंपाकघराच्या दारात आली, ग्राइंडर बंद होईपर्यंत थांबली आणि म्हणाली, “काका, एक विचारू? हा रंग किती सालचा?”

“मूळचा एकोणऐंशीचा. का ग?”

“मग यात शिसे असणार. तुम्ही आधी अंघोळ करून या. कपडे वेगळे टाका. मी हिचे हात धुते.”

आवाज चढवला नाही, काही नाही. पण इतका शरमिंदा मी आयुष्यात क्वचित झालो असेन. आयुष्यभर पोरांना विज्ञानदृष्टीचे निबंध लिहायला लावले आणि स्वतःच्या अंगणात शिशाची धूळ उडवली.

शिसे हा जुन्या रंगांचा प्राण होता म्हटले तरी चालेल. लाल, केशरी, पिवळ्या रंगांत शिशाची क्षारे घातली की रंग झाकतो चांगला, उन्हात टिकतो चांगला. लोखंडाला गंज लागू नये म्हणून पूर्वी पुलांना, जहाजांना जो पहिला लाल हात देत ते शिशाचेच संयुग. आपण त्याला शेंदूर म्हणतो. अंगात गेलेले शिसे मात्र रक्तात जाते, हाडांत बसते आणि लहान मुलांच्या वाढत्या मेंदूला इजा करते. ती भरून येत नाही. इतके प्रमाण चालेल, अशी सुरक्षित पातळीच ठाऊक नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. २०२० साली युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थेने मिळून एक अहवाल काढला. त्यात जगातल्या जवळजवळ ८० कोटी मुलांच्या रक्तात काळजी करावी इतके शिसे असल्याचा अंदाज आहे आणि त्यांतली सुमारे २७ कोटी आपल्या देशातली आहेत. बॅटऱ्या फोडणे, भेसळीचे मसाले, भांडी, रंग, अशी कारणे अनेक. त्या २७ कोटींत आमच्या अंगणातल्या एकीची भर मी घातली की काय, या विचाराने मला त्या रात्री झोप आली नाही.

सूनबाईने दुसऱ्या दिवशी नाशिक गाठून पोरीचे रक्त तपासायला दिले. अहवाल यायला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत घरात कोणी मला टोचून बोलले नाही, हेच जास्त टोचत होते. भावजय ताट वाढताना नेहमीप्रमाणे “भाऊजी, अजून एक भाकरी” म्हणत असे, पण नजर पोरीकडे. अहवालात शिसे निघाले. प्रमाण थोडे होते, डॉक्टरांनी औषधाची गरज नाही म्हणून सांगितले, लोह आणि कॅल्शियम पोटात नीट गेले की शिसे कमी शोषले जाते, तेव्हा नाचणी, दूध, पालेभाजी द्या म्हणाले, तीन महिन्यांनी पुन्हा तपासा म्हणाले. ते माझ्या ग्राइंडरमुळे की आणखी कशामुळे, हे कोणी सांगू शकत नाही. मी स्वतःला त्यातून सोडवलेले नाही.

आता कायद्याची गंमत ऐका. पेट्रोलमधले शिसे आपल्या देशातून २००० साली गेले. रंगांच्या बाबतीत केंद्र सरकारने २०१६ साली नियम केले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त शिसे असलेला रंग विकायला बंदी आली. डब्यावर तसे छापावेही लागते. नियम उत्तम. पण तो आहे घरगुती आणि सजावटीच्या रंगांसाठी. भिंतीला, दाराला, खिडकीच्या गजाला. औद्योगिक रंग त्यात नाहीत. म्हणजे दिवाणखान्याची भिंत सुरक्षित, आणि ज्या यंत्राच्या मडगार्डवर बसून पोर शेतात जाते, ज्याच्या ट्रॉलीत धान्य येते, त्याच्या रंगाला मोकळे रान! शहरातल्या माणसाने कायदा करताना घर म्हणजे चार भिंती असे धरले असावे. शेतकऱ्याच्या घरात अंगण असते, अंगणात ट्रॅक्टर, पेरणीयंत्र, फवारणीची टाकी असते, आणि या सगळ्यांच्या सावलीत मुले वाढतात. नियमातल्या दोन शब्दांची मर्यादा उठवणे फार अवघड काम नसावे. शिशाशिवायचे लाल-पिवळे रंग बनवता येतात, ते बनतातही. थोडे महाग पडतात इतकेच.

तोवर नवख्याने काय करावे? सूनबाईने शोधलेली युक्ती साधी होती. तिने मी आणलेला, लेबलावर काहीच न सांगणारा डबा परत पाठवला आणि लोखंडी फाटक, ग्रिल यांना लावतात तो घरगुती सिंथेटिक इनॅमल आणवला, ज्याच्या डब्यावर शिशाच्या मर्यादेची ओळ छापलेली होती. गाड्यांच्या खास रंगाइतका तो टिकणार नाही, हे कबूल. चार वर्षांनी पुन्हा हात द्यावा लागेल, देऊ. तोवर मी असलो तर.

काम थांबले नाही, रीत बदलली. ट्रॅक्टर ढकलत गोठ्यामागे नेला, घरापासून लांब. खाली जाड प्लॅस्टिक अंथरले. ग्राइंडर परत केला आणि पॉलिश पेपर पाण्यात भिजवून हाताने घासायला सुरुवात केली. ओले घासले की धूळ उडत नाही, चिखल होतो, तो पुसून एका डब्यात गोळा करायचा. औषध मारताना वापरतात तसला कापडी मास्क इथे उपयोगाचा नाही. बारीक धूळ अडवणारा, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क लागतो. घासायचे कपडे वेगळे, ते घरच्या कपड्यांत धुवायचे नाहीत. पोरे, कोंबड्या, कुत्रे सगळ्यांना मज्जाव. ८० नंबरने सुरुवात, मग १२०, मग २२०. जिथे रंग घट्ट बसलेला आहे तिथे तो पूर्ण काढायचा हट्ट नाही, फक्त पृष्ठभाग खरखरीत करायचा. जिथे पापुद्रे सुटलेत, गंज आहे, तिथे लोखंड दिसेपर्यंत. सगळे काढलेच पाहिजे ही नवख्याची दुसरी चुकीची समजूत. घट्ट बसलेला जुना रंग चांगल्या रंगाखाली बंद राहिला तर कोणाला त्रास देत नाही.

आणि हे घासताना एक गोष्ट झाली. डाव्या मडगार्डवरचा शहाण्णवचा लाल थर पाण्याबरोबर उतरू लागला, तसा त्याखालून पिवळ्या रंगाचा एक काना दिसला. मग एक मात्रा. मी पेपर टाकून कापड घेतले. हळूहळू अख्खे नाव वर आले, पेंटरने लपेटदार अक्षरांत काढलेले. आमच्या आईचे नाव.

आम्ही दोघे भाऊ तिथे मातीत बसून राहिलो. वडिलांनी उभ्या आयुष्यात आईचे नाव मोठ्याने घेतले नाही. “अगं, ऐकलंस का” यापलीकडे त्यांची मजल गेली नाही. त्या पिढीची रीतच ती. पण ट्रॅक्टर घेतला तेव्हा बॉनेटवर देवीचे नाव आणि मडगार्डवर तिचे, एवढे त्यांनी लिहून घेतले होते. मला ते आठवतही नव्हते, मी तेव्हा शहरात शिकायला होतो. भावाला आठवत होते. शहाण्णव साली विकायला काढताना पेंटरने विचारले, नाव ठेवायचे का? भाऊ म्हणाला होता, पुसून टाक. इतकी वर्षे तो हे मनात घेऊन त्याच ट्रॅक्टरवर बसत होता.

त्या दिवशी मला २०२२ साल आठवले. आमच्या डोळ्यांसमोरच्या सप्तशृंगगडावर, देवीच्या मूर्तीवर पिढ्यान्‌पिढ्या चढलेले शेंदराचे थर जाणकारांच्या देखरेखीखाली उतरवले गेले आणि नवरात्रात भाविकांना मूळ रूप दिसले. डोंगर चढून गेलेली भावजय तेव्हा घरी येऊन म्हणाली होती, “भाऊजी, डोळे किती वेगळे दिसतात हो.” आपण भक्तीनेही थर चढवतो आणि लाजेनेही.

नावाचे काय करायचे यावर घरात पुन्हा चर्चा. पिवळा रंग म्हणजे शिसे असणारच, काढून नव्याने लिहू, असे माझे म्हणणे. आता मी शिशाच्या बाबतीत फारच सोवळा झालो होतो. निकाल सूनबाईनेच दिला. अक्षरे घट्ट आहेत, उडत नाहीत, त्यावर पारदर्शक वॉर्निशचे दोन-तीन हात द्या आणि दर वर्षी बघत राहा, भेग पडली की बोलू. त्याप्रमाणे केले. डावे मडगार्ड त्यामुळे बाकीच्या ट्रॅक्टरशी जुळत नाही. फिकट, उन्हाने गुलाबी पडलेले, जुन्या साडीसारखे. येणारा-जाणारा विचारतो, एवढे राहिले का?

बाकीचे काम मग उरकत गेले. चेपलेला पत्रा मिस्त्रींनी आतून आधार देऊन बाहेरून हलक्या हातोडीने सरळ केला. उरलेल्या खळग्यांत लांबी भरून घासली. लोखंड उघडे पडले तिथे त्याच दिवशी रेड ऑक्साइड. हा प्रायमर म्हणजे गेरूचाच भाऊबंद, लोहाचा ऑक्साइड, शेंदराचा नव्हे. नुसता प्रायमर लावून काम पावसात किंवा दवात टाकू नये, तो पाणी पितो आणि खाली गंज धरतो. रेडिएटरच्या जाळीला रंगाचा जाड थर देऊ नये, इंजिन तापते. सायलेन्सरला साधा रंग टिकत नाही, उष्णता सोसणारा वेगळा मिळतो.

आणि थिनर! या एका शब्दाने माझा एक अख्खा दिवस खाल्ला. दुकानात जाऊन मी नुसते “थिनर द्या” म्हणालो. त्याने एन.सी. थिनर दिला, जो वेगळ्या जातीच्या रंगाचा. मी तो इनॅमलमध्ये मिसळून उजव्या मडगार्डवरच्या जुन्या रंगावर मारला आणि बघता बघता सगळा पृष्ठभाग तापलेल्या दुधावरच्या सायीसारखा सुरकुतला. मिस्त्री बिडी विझवून म्हणाले, “गुरुजी, जात बघितली नाही तुम्ही.” लग्न जमवताना नको तिथे जात बघणाऱ्या आपल्या समाजात ती बघायची खरी जागा थिनरचा डबा आहे, हे मला असे कळले. पुन्हा घासणे, पुन्हा प्रायमर.

शेवटचे हात सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यान दिले. दव उडालेले, ऊन चढलेले नाही, वारा नाही. पातळ हात, एक वाळल्यावर दुसरा. घाई करून जाड मारला की ओघळ येतात. बॉनेटवर माझा एक ओघळ आहे, तो मी राहू दिला आहे. दोन चिलटेही कायमची मुक्कामाला आहेत.

एक शंका कोणी काढील, की एवढे करण्यापेक्षा गॅरेजमध्ये का नाही दिला? दिला असता तर काम माझ्यापेक्षा सरस झाले असते यात वाद नाही. पण मी तालुक्याच्या एका गॅरेजमध्ये चौकशीला गेलो होतो. विशीतला पोरगा बंद शेडमध्ये हार्डनर घातलेला दोन भागांचा रंग मारत होता, नाकाला हातरुमाल. त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते, त्याने कायमचा दमा जडू शकतो, त्याला बाहेरून हवा पुरवणारा मास्क लागतो. त्या पोराला कोणी सांगितले असेल? मालकाला तरी ठाऊक असेल? मला तिथे ट्रॅक्टर ठेववला नाही. हे रंग आपल्यासारख्या नवख्याने घरी तर चुकूनही मारू नयेत. तालुक्यातालुक्यात आय.टी.आय. आहेत, जिल्ह्यात कृषी विज्ञान केंद्र आहे. ट्रॅक्टर कसा चालवावा, दुरुस्त कसा करावा याचे वर्ग होतात. तो खरवडावा कसा, याचा दोन दिवसांचा वर्ग घ्यायला काय हरकत आहे? गॅरेजमधल्या पोरांना बोलवा, शेतकऱ्यांना बोलवा, आणि मुख्य म्हणजे त्यांच्या बायकांना बोलवा. आमच्या घरात धोका ओळखला तो कोणी, हे वर सांगितलेच आहे.

नोव्हेंबर संपता संपता लाल्या जोडून झाला. तीन नट डब्यात शिल्लक राहिले, ते कुठले हे अजून कळलेले नाही. भावाने स्टार्टर मारला, तो दुसऱ्या झटक्यात धडधडला. भाऊ विहिरीपर्यंत एक फेरी मारून आला. उतरताना त्याने डाव्या मडगार्डवर हात टेकला. रोज टेकतो तिथेच, पण या वेळी जरा वेळ ठेवला.

भाऊबिजेला आणलेल्या भंगारवाल्याचा फोन पुतण्याने परवा घेतला नाही. संध्याकाळी तो माझ्याजवळ येऊन म्हणाला, “काका, अर्धा-एक लिटर रंग उरलाय ना? ट्रॉलीला मारून टाकू का उद्या?”

मी त्याला आधी पॉलिश पेपर आणायला पाठवले. ८० नंबरचे सहा, आणि बादलीभर पाणी.